एकतिसाव्या दिवसाचं पिवळं तेल

"मास्तर, हे तेल आहे की कोरा चहा?"

अण्णाशेठनी बाटली माझ्या नाकासमोर धरली. आदल्या दिवसापर्यंत पाण्यासारखं नितळ येणारं खोबरेल त्या सकाळी पिवळंजर्द आलं होतं.

"रंग सोडा, हुंगून बघा." त्यांनी बोट बुडवलं, तळहातावर चोळलं आणि तो हात माझ्या तोंडापाशी आणला. धुराचा खमंग वास. "मुंबईच्या बायका हे केसांना लावणार? नवऱ्याला वाटेल, बायको चुलीत डोकं घालून आली. तुमचं ते गणित काय म्हणतंय?"

गणिताचं नाव निघालं की माझं डोकं तापायचं, कारण ते गणित माझं होतं.

आमची तेलाची गिरणी मुंबईपासून दूर, बोटीने यावं लागे अशा मांडवी बंदराच्या धक्क्याजवळ होती. ही सन तीस-बत्तीसच्या सुमाराची गोष्ट. अण्णाशेठ मालक. मी मुंबईहून बी.एस्सी. होऊन आलेला केमिस्ट. जन्मात कुणाला अ आ शिकवलं नाही, तरी गिरणीत सगळे मला मास्तरच म्हणत. चार बुकं शिकलेला तो मास्तर, एवढा सरळ हिशोब.

आमच्याकडे खोबरं पावसाळ्यात उन्हावर वाळत नाही, धुरावर वाळवतात आणि तेच पुढे उन्हाळ्यापर्यंत पुरतं. त्याच्या तेलाला पिवळी झाक येते आणि धुराचा वास लागतो. दिव्याला चालतं, केसांना चालत नाही. आणि अण्णाशेठना तर केसांचं तेल विकायचं होतं. म्हणून मी 'कॉलम' बसवला. कॉलम म्हणजे काही अचाट यंत्र नव्हे. तांबटाकडून करून घेतलेला सात फुटी उभा नळ, आतून कल्हई केलेला. त्यात करवंटीचा कोळसा बारीक कुटून ठासून भरायचा. वरून तेल सोडायचं, ते कोळशातून झिरपत खालच्या तोटीतून येतं. वास आणि रंग कोळसा धरून ठेवतो. तळाशी एका बाजूला हात जाईल एवढी झडप, कोळसा सगळा उपसायची वेळ आली तर असावी म्हणून. गिरणीतली माणसं त्याला बंब म्हणत. मी दोन महिने 'कॉलम, कॉलम' करून पाहिलं, मग मीही बंबच म्हणू लागलो.

आता गणित सांगतो. घाबरू नका, पंगतीत जेवलेल्या माणसाला समजेल.

कोळशाला पोट असतं. ते भरलं की तो आणखी वास धरत नाही. पण बंबातला सगळा कोळसा एकदम भरत नाही. पंगतीत वाढपी एका टोकाने सुरू करतो. पहिल्याचं पोट भरेपर्यंत पातेल्यातलं सगळं त्याच्याच पानात. तो 'पुरे' म्हणाला की दुसरा, मग तिसरा. तसंच इथे. तेल वरून येतं, म्हणून वरचा थर आधी भरतो, मग त्याच्या खालचा. भरलेल्या थराची ही हद्द हळूहळू खाली सरकत जाते. ती तळाला पोहोचली की तोटीतून पिवळं तेल येतं. हद्द रोज किती सरकते ते कळलं, तर बंब कुठल्या दिवशी संपणार हे आधी सांगता येतं. चौदा सालच्या मोठ्या लढाईत सैनिक विषारी वायूपासून वाचायला तोंडाला कोळशाचा डबा लावत. तो डबा किती वेळ टिकेल हे काढायला हेच गणित लागे, असं आमचे प्रोफेसर सांगत. सैनिकाचा जीव आणि मुंबईकरणीचं डोकं, गणिताला दोन्ही सारखंच.

मी काचेच्या नळ्या मुंबईहून मागवल्या. बोट समुद्रात उभी राहते, सामान पडाव नावाच्या होडीतून धक्क्याला येतं. त्या पडावात निम्म्या नळ्या फुटल्या. उरलेल्यांत दोन फूट, तीन फूट, चार फूट कोळसा भरून रोज तेल सोडलं. रंग मापायला यंत्र कुठलं असायला? चहाचं पाणी कमीजास्त पातळ करून पाच बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या, त्यांच्याशी ताडून बघायचो. दोन फुटांची नळी पाचव्या दिवशी पिवळी झाली, तीनची दहाव्या, चारची पंधराव्या. कागदावर टिंबं मांडली तर एक सरळ रेघ. एका फुटाला पाच दिवस. फक्त एक फूट हिशोबातून वजा करायचा, कारण हद्द सुरीने कापल्यासारखी नसते. शेवटच्या फुटात निम्मं भरलेलं, निम्मं रिकामं असं राहतं आणि तेवढ्यातून पिवळं तेल निसटतं. म्हणजे सात फुटांचा बंब सहा पाचे तीस दिवस चालणार. ती रेघ पाहून मी एकटाच खोलीत हसलो होतो, खोटं कशाला सांगू?

तीस दिवसांनी सगळा बंब उपसण्यापेक्षा मी युक्ती काढली. दर पाच दिवसांनी एक फूट कोळसा बदलायचा, म्हणजे बंब कधी संपणारच नाही. भिंतीवर सुवाच्य अक्षरात कागद डकवला: 'दर पाच दिवसांनी एक फूट जुना कोळसा काढून तितकाच नवा घालावा.'

बंब रावजीच्या ताब्यात होता. रावजी पन्नाशीचा, पूर्णगडच्या अलीकडच्या गावचा कुणबी, गिरणीत पंधरा वर्षं झालेला. त्याला वाचता येत नव्हतं. मी कागद दोनदा वाचून दाखवला.

"समजलं?"

"व्हय. जुना काडायचा, नवा घालायचा."

"दर पाच दिवसांनी."

"व्हय, मास्तरानू."

यापलीकडे काय विचारायचं असतं? मी निवांत झालो. आणि एकतिसाव्या दिवशी अण्णाशेठ चहाच्या रंगाची बाटली घेऊन माझ्या नाकासमोर!

मी आकडेमोड पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. कोळसा दमट आहे का पाहिलं. तेल जास्त जोरात सोडलंय का पाहिलं. नव्या खोबऱ्याला दोष देऊन झाला, तांबटाला देऊन झाला. सगळं जिथल्या तिथे. अशा वेळी माणसाचं डोकं उठतं हो! घोडं कुठे पेंड खातंय तेच सापडेना.

आणि मग माझ्या लक्षात आलं. तीस दिवस! कोळसा अजिबात न बदलता बंब चालवला तर तो बरोब्बर तीस दिवस चालेल असं माझीच रेघ सांगत होती. आणि बंब एकतिसाव्या दिवशी संपला होता. म्हणजे नवा कोळसा आत पडलेलाच नव्हता. चूक नव्हतीच, उलट गणित अगदी दिवसाबरहुकूम खरं ठरलं होतं. मला इतका आनंद झाला की मी तसाच अण्णाशेठच्या पेढीवर गेलो. तो आनंद आठवला की आज स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

"शेठ, बंबात नवा कोळसा गेलेलाच नाही."

"वखारीतून तर सहा वेळा गेला."

"बंबात गेला नाही एवढं मी छातीठोक सांगतो. गणित खोटं बोलत नाही."

अण्णाशेठनी चष्मा काढला. "तरीच! रावजीच्या बायकोच्या टोपलीत कोळसा असतो. मी दोनदा डोळ्यांनी पाहिलंय."

ते तडक उठले. मी मागोमाग. गिरणीच्या फाटकात दुपारच्या सुट्टीला हमाल बसलेले, दहाबारा माणसं. तिथेच त्यांनी रावजीला उभा केला.

"कोळसा कुठे विकतोस?"

रावजीला आधी प्रश्नच कळला नाही. "कंचा कोळसा?"

"बंबातला. नवा."

"तो बंबात घातला. मी माज्या हातानं घातला, शेट. भैरीची आण."

"मग बायकोच्या टोपलीत काय जातं?"

"तो काडलेला. जुना. चुलीला न्येते. मागंच तुमास इचारलं व्हतं, तुमी न्ये म्हनालात."

"मास्तरांचं गणित सांगतंय, बंबात कोळसा पडला नाही. आता तू खरा की बी.एस्सी. खरे?"

रावजीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी काहीतरी बोलेन, असं वाटत असावं त्याला. मी म्हणालो, "आकडे तसं दाखवतात, रावजी." त्या दिवशी एवढंच बोललो. वखारीच्या किल्ल्या त्याने कमरेच्या दोऱ्यातून सोडवून अण्णाशेठच्या हातात दिल्या आणि तो गेला. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मांडवीला कळलं, रावजी चोर निघाला. धक्क्यावर कुठल्या वखारीत आता त्याला कुणी उभं करणार नव्हतं. पन्नाशीचा माणूस जाणार कुठे? गावाला गेला.

बंब उपसून सगळा नवा कोळसा भरला. तेल पुन्हा पाण्यासारखं. रावजीच्या जागी हातखंब्याकडचा गोविंद नावाचा तरणा गडी घेतला. याला वाचता येत होतं. त्याने भिंतीवरचा कागद खडाखडा वाचला. पण या वेळी मी ठरवलं, की पहिल्यांदा कोळसा बदलताना स्वतः समोर उभं राहायचं. दुधाने तोंड पोळलं होतं ना.

पाचव्या दिवशी सकाळी मी बंबापाशी गेलो. गोविंद पाटी घेऊन आला, खाली बसला आणि त्याने तळाची झडप उघडली. कोळसा भसाभसा पाटीत पडू लागला.

"अरे, अरे! शिंच्या, हे काय करतोस?"

"जुना काडतोय."

"जुना वर आहे!"

गोविंद माझ्याकडे बघतच राहिला. "वर कसा असंल? वरनं तर घालायचा असतो. जुना तळाला."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायचं काय त्यात? कणगीत नाय काय? नवा भात वरनं वततात, खायाला तळाच्या भोकातनं काडतात. आदी जुना संपवायचा. वरचा काडलात त जुना तळाला कुजून जाईल."

मी तेलाच्या डब्यावर बसलो.

कणगी ही बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली, माणसाहून उंच भाताची कोठी. गावाकडे घरोघर असते. मी शहरात नोकरदाराच्या घरात वाढलो, आमच्याकडे तांदूळ वाण्याकडून पायलीने येत. कणगी लांबून पाहिली होती, तिच्यातून कधी मूठभर भात काढला नव्हता. आणि मी लिहिलं होतं, 'जुना कोळसा'. मला जुना म्हणजे पोट भरलेला, वरचा. या माणसांना जुना म्हणजे आधी घातलेला, तळाचा. रावजीने अक्षर न् अक्षर पाळलं होतं.

काय झालं ते आता उघड होतं. रावजी दर पाच दिवसांनी तळाचा, म्हणजे अगदी कोरा, ज्याला अजून वास शिवलाही नाही असा कोळसा काढून टाकत होता. वरून नवा पडला की भरलेला थर एक फूट खाली सरके. सहा वेळा असं झाल्यावर पहिला भरलेला थर नेमका तोटीच्या तोंडाशी येऊन बसला. वर साफ झालेलं तेल त्या घाणीतून खाली येताना पुन्हा पिवळं होऊन निघालं. दिवस तीस! कोळसा न बदलता जितके, तितकेच. माझ्या गणिताला दोन्ही गोष्टी सारख्याच दिसत होत्या आणि मी गाढवासारखा त्यातली एक छातीठोक सांगून आलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोरच नव्हता आणि फाशीचा दोर माझ्या हातचा.

तरी खात्री करावी म्हणून फाटकातल्या तीन हमालांना बोलावून विचारलं, यातला जुना कोळसा काढा म्हटलं तर कुठून काढाल? तिघांनी तळाकडे बोट दाखवलं. एकाने तर मला वेडा समजून हळूच विचारलं, "मास्तरानू, बरं हाय ना?"

मी अण्णाशेठकडे गेलो. त्यांनाही तेच विचारलं.

"तळाला. आणखी कुठे?" ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "बरं झालं, घोळ कळला. आता गोविंदाला नीट शिकवा."

"आणि रावजी?"

"त्याचं काय? झालं ते झालं. परत बोलावलं तर लोक म्हणतील शेठ चुकला."

"शेठ चुकलाच आहे. मीही चुकलोय."

"तुम्ही चुकलात, मास्तर. मी तुमच्या भरवशावर बोललो." वर आणखी म्हणाले, "जायचं तर जा. पण माझ्या नावाने माफीबिफी नको."

संताप असा आला की काय सांगू. पण बोलणं खोटं नव्हतं त्यांचं, आणि म्हणूनच जास्त संताप आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाट्याची खाडी होडीने ओलांडली आणि पावसच्या वाटेने चालू लागलो. मे महिना, कातळ तापलेला, वाटेत सावलीचं नाव नाही. रावजीच्या घरी पोहोचलो तेव्हा दुपार झाली होती. रावजी छपरावर होता, पावसाआधी पेंढा शाकारत. मला बघून खाली उतरला नाही.

त्याची बायको बाहेर आली. पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा माझ्यासमोर ठेवलान्.

"चोराच्या घरचं पाणी चालंल ना?"

मी पाणी प्यायलो. मग अंगणात उभा राहून, मान वर करून, छपरावरच्या माणसाला बंबातले थर समजावून सांगू लागलो. जन्मात असं व्याख्यान दिलं नाही. रावजी हात न थांबवता ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "म्हंजे मी चांगला कोळसा फेकत व्हतो?"

"हो. पण चूक तुझी नाही. मी नीट सांगितलं नाही."

तेव्हा त्याची बायको मध्येच बोलली. "मी तवाच म्हटलं व्हतं ह्यांना. जुना म्हंता आनि ह्या कोळशाला धुराचा वास कसा नाय? चुलीत घातला त निसता खोबरेलाचा वास सुटायचा. म्हटलं, मास्तरांस इचारा येकदा."

मी रावजीकडे पाहिलं.

"म्हनाली व्हती," रावजी म्हणाला. "पन तुमी सारखे त्या नळ्यांपाशी, न्हायतर कागदात डोकं घालून. तुमास कशाला तरास द्या म्हटलं."

मी आकड्यांत जे शोधत होतो ते महिनाभर या बाईच्या चुलीपाशी होतं. बाई निरक्षर, यंत्र नाही, चहाच्या बाटल्या नाहीत. फक्त नाक.

"रावजी, चल परत," मी म्हटलं. "मी माफी मागतो."

आता तो खाली उतरला. हातातला पेंढा झटकला. "मास्तरानू, तुमी नळ्यांस इचारलात, कागदास इचारलात. मला येकदाबी नाय इचारलात, रावजी, तू कोळसा काडतोस कसा. चोर मात्र धा मानसांत म्हटलात."

"मी चोर म्हटलं नाही."

"आकडे तसं दाकवतात म्हनालात. येकच."

एकच. खरंच एकच.

"माफी हितं नको," तो म्हणाला. "हितं मला कोन चोर म्हनत नाय. जितं म्हटलात तितं बोला."

तसं बोललो. आठवड्याने, दुपारच्या सुट्टीला, फाटकात, त्याच हमालांसमोर, रावजीला शेजारी उभा करून. "रावजीने कोळसा चोरला नाही. त्याने माझ्या कागदाप्रमाणे काम केलं. कागद चुकीचा होता, तो मी लिहिला होता, आणि आळ माझ्यामुळे आला." अण्णाशेठ पेढीच्या खिडकीतून बघत होते, बाहेर आले नाहीत. हमालांतला एक ओरडला, "मास्तर नापास!" सगळे खो खो हसले. रावजीही हसला.

तो कामावर राहिला. गोविंदाला घाण्यावर घेतलं. कोळसा वरून निघू लागला, तेल नितळ राहिलं आणि पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायच्या आधी आमचे डबे मुंबईला गेले. एकही परत आला नाही.

मी भिंतीवरचा कागद फाडला आणि नवा लिहिला. 'दर पाच दिवसांनी सर्वात वरचा एक फूट कोळसा काढून वरूनच नवा घालावा. तळाची झडप उघडू नये.' रावजीला वाचून दाखवला.

"समजलं?"

"समजलं. आनि येक वळ घाला खाली."

"काय?"

"मास्तरांनी दर पाच दिवसांनी येऊन इचारावं."

मी हसलो. तो हसला नाही, दौत उचलून माझ्यासमोर धरलीन्. मी ती ओळ लिहिली. पुढे तीस वर्षांत चार कारखान्यांत कॉलम बसवले, साखरेचे, पाण्याचे, औषधांचे. रेघ प्रत्येक ठिकाणी सरळ आली. अडलं ते प्रत्येक वेळी रावजीची ती ओळ पाळायला कंटाळलो तेव्हाच.